कळंबा-रंकाळ्यावर पक्षी पाहायला पहिल्यांदा जाताना

कोल्हापुरात पक्षी पाहायचे तर तिकीट काढावे लागत नाही. शहराच्या पश्चिमेला रंकाळा तलाव आहे, दक्षिणेला गारगोटी रस्त्यावर कळंबा तलाव आहे, पूर्वेला शिवाजी विद्यापीठाचे साडेआठशे एकरांच्या आसपासचे आवार आणि त्याच्या शेजारी राजाराम तलाव. यातले कुठलेही ठिकाण शहरातून दुचाकीवर अर्ध्या तासात गाठता येते. तरी पहिल्या फेरीत बहुतेकांची निराशा होते. नाष्टा करून नऊला पोचायचे, तांबडा शर्ट, हातात जत्रेतली दुर्बीण, बरोबर सात-आठ जण. मग दिसतात ते कावळे, दोन बगळे आणि लांब पाण्यावर काळे ठिपके. 'इथे काही नाही' म्हणून माणूस परत फिरतो आणि पुन्हा जात नाही.

ते काळे ठिपके कोणते, किती आणि मागच्या महिन्यापेक्षा कमी की जास्त, हे सांगता यावे एवढ्यासाठी हा लेख आहे. तलाव वाचवायची वेळ येते तेव्हा 'पूर्वी इथे खूप पक्षी यायचे' हे वाक्य कोणी ऐकून घेत नाही. तारीखवार आकडे असले तर ऐकावे लागते.

१. आधी एकच तलाव धरा

सुरुवातीचे सहा महिने एकाच पाण्यावर जा. आज रंकाळा, पुढच्या रविवारी कळंबा, त्यानंतर थेट दाजीपूरचे जंगल असे केले की पक्ष्यांची नावे वाढतात, पण त्या जागेची ओळख होत नाही. नेहमीचे पक्षी कुठे बसतात हे डोळ्यांत बसले की नवा पाहुणा आपोआप खटकतो.

रंकाळा नवख्याला सोपा. फिरायला वाट आहे, पक्ष्यांना माणसांची सवय आहे, त्यामुळे ते जवळून दिसतात. गर्दी टाळायची असेल तर कळंबा धरा. उन्हाळ्याकडे कळंब्याचे पाणी मागे सरते आणि काठाला ओला चिखल उघडा पडतो. चिखलातले किडे-गांडुळे टिपणारे पक्षी तिथे उतरतात. विद्यापीठाच्या आवारात पाणी, गवत आणि झाडी तिन्ही आहेत, मोरही आहेत. तिथे प्रवेशद्वारावर काय विचारतात ते आधी पाहून घ्या आणि ओळखपत्र खिशात ठेवा.

२. वेळ आणि महिना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने सर्वांत चांगले. उत्तरेकडून येणारी बदके आणि चिखलपक्षी याच काळात असतात. जानेवारीत आपल्याकडे सातच्या सुमारास उजाडते, म्हणजे पावणेसातला काठावर हवे. पहिले दोन तास खरे. नऊनंतर ऊन वाढते, पाण्यावरून तापलेली हवा थरथरते आणि दुर्बिणीतले चित्र लांबवर विरघळल्यासारखे दिसते. दुर्बिणीत दोष नसतो, वेळ चुकलेली असते. संध्याकाळी चारनंतरचा वेळही चांगला, कारण बगळे आणि पाणकावळे रात्रीच्या झाडांकडे परततात.

हंगामात पहाटे निघणाऱ्यांनी रस्त्यावर जपून जावे. ऊस भरलेल्या ट्रॉल्या मागचा दिवा नसताना कडेला उभ्या असतात आणि नदीकडच्या भागात धुके असते.

३. बरोबर काय घ्यायचे

- दुर्बीण. दोघांत एक चालेल, चौघांत एक चालत नाही.
- छोटी वही आणि शिसपेन्सिल. दवात आणि पावसात बॉलपेन दगा देतो.
- मातकट, खाकी, करडे किंवा फिक्या हिरव्या रंगाचे कपडे. पांढरा, तांबडा आणि चकचकीत पिवळा नको.
- टोपी, पाण्याची बाटली, जुने बूट. कळंब्याच्या काठाला चप्पल चिखलात राहते.
- ओळखपत्र, गाडीचा परवाना.
- मोबाइल, आवाज बंद करून.
- गाडीच्या डिकीत पुठ्ठ्याचा रिकामा खोका, जुना सुती पंचा आणि कात्री. हे कशाला ते शेवटच्या टप्प्यात कळेल.

अत्तर लावू नका असे कोणी सांगेल. पक्ष्यांना त्याने फारसा फरक पडत नाही, माशा-चिलटांना पडतो.

४. दुर्बीण

सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर.

दुर्बिणीवर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ८×४२. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते. दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटर, पहाटेच्या अंधुक उजेडाला पुरेशी. ८×२५ची दुर्बीण खिशात मावते, पण तिची रुंदी तीन मिलिमीटरच्या थोडी वर भरते आणि पावणेसातला तिच्यातून सगळे राखाडी दिसते.

'जास्त पट म्हणजे जास्त चांगली' ही समजूत सोडा. १० पटीच्या वर गेलात की हाताची थरथरही तेवढ्याच पटीने वाढते आणि दिसणारा परीघ लहान होतो. उडता पक्षी त्यात सापडतच नाही. नवख्याला ८×४२ घ्यायला सांगावे आणि तिथेच थांबावे. बरी दुर्बीण आठ-दहा हजारांपासून मिळते. तीन गोष्टी दिसल्या की दुकानातून बाहेर पडा: तांबूस चमकणारी भिंगे, 'झूम' होणारी दुर्बीण आणि दोन हजारांत ४०×६० असा छापील आकडा.

विकत घेतली किंवा मागून आणली, तरी स्वतःच्या डोळ्यांना लावून घ्यावी लागते. ही चार कामे घरी गच्चीवर करा:

- दोन्ही नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचे एकच गोल वर्तुळ दिसेपर्यंत जुळवा.
- चष्मा असेल तर डोळ्याकडची रबरी कडी आत दाबा, नसेल तर बाहेर काढा. चष्मेवाल्याने कडी बाहेर ठेवली तर नळीतून पाहिल्यासारखे अरुंद दिसते.
- उजवे भिंग हाताने झाका. डाव्या डोळ्याने लांबची पाटी पाहा आणि मधले चाक फिरवून अक्षरे स्वच्छ करा.
- आता डावे भिंग झाका. मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी स्वच्छ करा. ती कडी कुठल्या खुणेवर आली ते लक्षात ठेवा. पुढे फक्त मधले चाक वापरायचे.

चौथे काम न केल्यामुळे अर्ध्या तासात डोके दुखते आणि माणूस दुर्बीण माळ्यावर टाकतो.

पक्षी दुर्बिणीत सापडत नाही ही दुसरी तक्रार. नजर पक्ष्यावरच ठेवा, मान हलवू नका आणि दुर्बीण डोळ्यांकडे आणा. खाली दुर्बिणीकडे पाहून मग वर शोधायला गेलात की पक्षी हरवला. आधी न हलणाऱ्या खुंटावर वीसदा सराव करा. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहायचे नाही. मुलांच्या हातात देण्याआधी हे वाक्य त्यांच्याकडून म्हणवून घ्या.

५. काठावर

सूर्य पाठीशी घ्या. रंकाळ्यावर सकाळी शहराच्या बाजूने पश्चिम काठावरच्या शालिनी पॅलेसकडे पाहिले की पक्ष्यांचे रंग उघडे दिसतात. उलट बाजूने पाहिले की सगळे काळे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिलात तर दिवसभर उजेड डोळ्यांवर येतो. कळंब्यावर जागा निवडताना हे ध्यानात ठेवा.

पोचल्यावर पाच मिनिटे काहीच करू नका. झाडाला किंवा भिंतीला पाठ लावून उभे राहा. उघड्या बांधावर उभा माणूस लांबून दिसतो, झाडाला टेकलेला झाडातच मिसळतो.

किती जवळ जायचे हे पक्षी सांगतो. चरणारा बगळा चरायचा थांबला आणि मान ताठ झाली की तुम्ही मर्यादेवर आहात. तो दोन पावले उलट दिशेला चालला की तुम्ही ती ओलांडली आहे. तिथेच थांबा, हळू मागे या. दर वेळी उडावे लागले की त्याचे चरणे मोडते. हजारो किलोमीटर उडून आलेल्या बदकाला परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते. फोटोसाठी त्याला चारदा उडवणारा माणूस त्याच्या शिदोरीतून खातो.

फरसाण, शेव, ब्रेड, उरलेला भात टाकू नका. सडून पाण्यातला प्राणवायू कमी होतो, कुत्री आणि कावळे जमतात आणि त्यांची नजर मग पिल्लांकडे वळते.

६. सुरुवातीचे पक्षी आणि नेहमीच्या चुका

शंभर नावांची यादी पाठ करू नका. पुढच्या एवढ्यांत पक्के झालात तर पाण्यावरचे बरेचसे काम झाले.

*काळे ठिपके.* अंग काळे, चोच आणि कपाळ पांढरेशुभ्र तो वारकरी. कपाळावर गंध लावतात तसा हा पांढरा टिळा लांबूनही चमकतो. काठाच्या गवतात लांब बोटांनी चालणारी, जांभळट-निळी, चोच आणि कपाळ लाल ती जांभळी पाणकोंबडी. मुठीएवढी, शेपूट नसल्यासारखी, तुम्ही बघताबघता बुडी मारते आणि भलतीकडे वर येते ती टिबुकली. ती बदकाचे पिल्लू नव्हे. ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो.

*पाणकावळा.* पाण्यात अंग बुडालेले, फक्त साप उभा राहावा तशी मान वर. बाहेर आल्यावर खुंटावर पंख पसरून वाळवत बसतो. त्याची पिसे पाणी शोषतात. त्यामुळे बुडी सोपी होते, पण नंतर वाळवावे लागते.

*बगळे.* 'पांढरा बगळा' असे लिहू नका, ते निरनिराळे आहेत. चोच काळी, पाय काळे आणि बोटे पिवळी तो लहान बगळा. चोच पिवळी, मान आखूड, म्हशींच्या आणि नांगराच्या मागे फिरणारा गायबगळा. वीण काळात त्याच्या डोक्या-मानेवर नारिंगी छटा येते. मोठ्या बगळ्याची मान लांब, मध्ये कोन पडलेली, आणि जबड्याची रेघ डोळ्याच्या मागेपर्यंत जाते. ढोकरी, म्हणजे वंचक, बसलेला मातकट असतो, चिखलात दिसतच नाही. उडाला की एकदम पांढरे पंख उघडतात. नवखा दोन वेगळे पक्षी लिहितो, तो एकच असतो.

*बदके.* हळदी-कुंकू बदक ओळखायला सर्वांत सोपे. काळ्या चोचीचे टोक पिवळे, चोचीच्या मुळाशी तांबडा ठिपका, नावातच खूण आहे. अडई बदामी-तपकिरी, मान वर करून उभी असते आणि उडताना शीळ घालते. हिवाळ्यात थापट्या आला तर त्याची फावड्यासारखी रुंद चोच पाहा. ती पाण्यात घालून तो गोलगोल फिरत गाळून खातो. तलवार बदकाच्या नराची शेपूट लांब, टोकदार.

*चिखलातले.* शेकाट्याचे गुलाबी पाय इतके लांब की तो काठ्यांवर उभा असल्यासारखा दिसतो. सतत शेपूट खाली-वर हलवत काठाने एकटा पळणारा, खांद्यापाशी पांढरी खाच असलेला तुतवार. टिटवी सगळ्यांना आवाजाने ठाऊक आहे. तिच्या डोळ्यापुढे लाल मांसल पट्टी असते. पिवळी पट्टी दिसली तर ती माळटिटवी, आणि ती पाण्यापेक्षा कोरड्या माळावर भेटते.

*घारी.* शेपटीला खाच असली तर साधी घार. शेपूट गोल, डोके-छाती पांढरी आणि बाकी अंग विटकरी ती ब्राह्मणी घार. पिवळट डोक्याची, पंख किंचित वर धरून गवतावरून कमी उंचीवर तरंगत जाणारी दिसली तर दलदली भोवत्या, हिवाळी पाहुणा. तो आला की सगळे वारकरी एका जागी दाटतात. काठावरचे पक्षी अचानक उठले तर माणसाला दोष देण्याआधी एकदा वर पाहा.

नाव येत नसेल तर वहीत खूण लिहा: आकार चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा. चोच कशी, पाय कसे, काय करत होता. रंग शेवटी, कारण उजेड रंग बदलतो. अंदाजाने नाव ठोकून देण्यापेक्षा 'बदक, ओळख पटली नाही, ६' ही नोंद कितीतरी मोलाची.

७. मोजायचे कसे

पाहणे आणि मोजणे ही दोन वेगळी कामे आहेत. आधी अर्धा तास पाहा, मग मोजा.

काठावर तीन-चार जागा कायमच्या ठरवा. ठळक झाड, पायऱ्या, बांधाचे टोक, अशा. दर वेळी त्याच जागा, त्याच क्रमाने, साधारण त्याच वेळी. प्रत्येक जागी दहा मिनिटे. डावीकडून उजवीकडे एकदाच नजर फिरवायची, मागे यायचे नाही. दोघे असाल तर एकाने डोळे दुर्बिणीलाच ठेवून बोलायचे, दुसऱ्याने लिहायचे. एकट्याने मोबाइलमध्ये आवाज मुद्रित करावा.

मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही. थव्याच्या एका टोकाचे दहा पक्षी नीट मोजा. त्या दहांनी किती जागा व्यापली ते नजरेत धरा. तेवढे तुकडे थव्यात किती बसतात ते पाहा. बारा तुकडे म्हणजे १२०. थवा मध्ये दाट आणि कडेला विरळ असतो, म्हणून दहाचा तुकडा कडेचा एक आणि मधला एक असा दोनदा घ्या. उडत्या थव्यात मागून पुढे मोजत जा, उलट गेलात तर थवा निसटतो.

गडबड कुठे होते तेही सांगतो. टिबुकल्या आणि पाणकावळे बुडी मारतात, त्यामुळे एका नजरेत कमी भरतात. तीनदा मोजा आणि सर्वांत मोठा आकडा लिहा, बेरीज करू नका. दुसऱ्या जागेवरून उडालेला थवा तिसऱ्या जागेवर उतरला तर तो पुन्हा मोजला जातो. म्हणून उडालेल्यांची वेळ आणि दिशा कडेला टिपा. काहीच दिसले नाही तर 'काही नाही' असे लिहा. रिकामी फेरी न लिहिणे ही सर्वांत मोठी चूक, कारण पक्षी कमी झाले हे पुढे कळते ते या रिकाम्या फेऱ्यांवरूनच.

८. नोंद कुठे द्यायची

वहीतली नोंद त्याच दिवशी ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर चढवा. मोबाइलवर ते मोफत आहे. जागा निवडताना तलावाचे आधीपासून असलेले ठिकाण निवडा, नवीन खूण टोचू नका. नाहीतर एका कळंब्याचे दहा कळंबे होतात आणि नोंदी विखुरतात. सुरुवातीची वेळ, किती मिनिटे, किती अंतर आणि किती माणसे हे चारही भरा. शेवटी विचारतात की ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का. कावळा-कबुतरे गाळली नसतील तर 'हो' म्हणा. ओळख न पटलेले राहिले तरी 'हो' चालते. साध्या पक्ष्यांना गाळून फक्त दुर्मीळ लिहिणारे लोक नकळत खोटे चित्र तयार करतात.

मर्लिन हे दुसरे साधन, फोटोवरून किंवा आवाजावरून नाव सुचवते. ते सुचवते, ठरवत नाही. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते नाव यादीत घालू नका.

वर्षातल्या तीन वेळा कॅलेंडरवर खूण करून ठेवा. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्राचा पक्षी सप्ताह. ५ ला मारुती चितमपल्लींचा आणि १२ ला सालिम अलींचा जन्मदिवस. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, ती १९८७ पासून चालू आहे. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवसांची घरा-अंगणातल्या पक्ष्यांची जागतिक गणना असते, तीत पंधरा मिनिटांची गच्चीवरची नोंदही चालते.

९. तलावासाठी काय करायचे

कचरा उचलणे चांगलेच. त्यात मासेमारीची तुटलेली नायलॉन तंगूस आणि गळ आधी उचला. बाटली पक्ष्याला सहसा मारत नाही, तंगूस पाय कापते. गोळा केलेली तंगूस तशीच कचराकुंडीत टाकू नका, कात्रीने बोटभर तुकडे करून मग टाका. गळ जाड बाटलीत बंद करा.

जलपर्णीचा प्रश्न रंकाळा पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ही वनस्पती दक्षिण अमेरिकेतली. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर ती पोसते आणि अनुकूल हवामानात दोनेक आठवड्यांत दुप्पट पसरते. पाणी झाकले की खालचा उजेड आणि प्राणवायू संपतो. ती काढायलाच हवी, पण सांडपाणी येत राहिले तर ती परत येणारच. म्हणून नोंदवहीत नाल्याचे तोंड, पाण्याचा रंग आणि वास हेही लिहीत चला. तक्रार देताना तारखेसह हे कागद फोटोपेक्षा वजनदार ठरतात.

जलपर्णीबरोबर काठचे पाणकणीस आणि लव्हाळेही साफ करून टाकायची घाई होते, ती थांबवायला हवी. पाणकोंबडी, टिबुकली यांची घरटी त्याच झाडोऱ्यात असतात. काठ दगड-सिमेंटने बांधून काढला की फिरणाऱ्यांची सोय होते, पण तुतवारला आणि शेकाट्याला पाय ठेवायला चिखल उरत नाही. सगळा काठ बांधू नका, एक बाजू मातीची आणि गवताची राहू द्या, एवढी मागणी प्रत्येक सुशोभीकरणाच्या वेळी लेखी द्यायला हवी. ती देणारे हात फार थोडे आहेत.

शेतकरी वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. उसाची तोड झाल्यावर पाचट पेटवले की त्यात जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्ले जळतात. उंदरांवर जगणारी कापशी घार आणि गव्हाणी घुबड तुमचेच काम करतात. पाचट सरीत कुजवले तर जमिनीला खत मिळते आणि यांनाही थारा राहतो.

१०. घरटे दिसले तर

मागे फिरा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी नेणे, फोडणे, विस्कटणे येते.

उन्हाळ्यात काठाने चालताना टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली तर तिथेच थांबा आणि पायाखाली पाहा. तिची चार अंडी उघड्या खड्यांवर असतात, रंग मातीचाच. आलात त्याच पावलांवरून परत जा. टिबुकली तरंगत्या घरट्यावरून उठताना अंडी ओल्या पाल्याने झाकते. तुम्ही एकदम पुढे आलात तर तिला तेवढाही वेळ मिळत नाही आणि अंडे कावळ्याला दिसते.

घरट्याचा फोटो, ठिकाण, नकाशावरची खूण कुठेही टाकू नका. घुबडांच्या बाबतीत तर मुळीच नाही. दिवाळीच्या सुमारास अंधश्रद्धेपोटी त्यांना पकडणारे लोक आहेत. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणेही बंद ठेवा. त्याला वाटते, हद्दीत दुसरा नर आला. मग तो चरणे सोडून भांडायला येतो.

११. मुलांना नेताना

सहा मुलांमागे एक मोठे माणूस. एका फेरीत वीसपेक्षा जास्त मुले नकोत. वेळ पाऊण तास, त्यापुढे मुले कंटाळतात आणि त्यांचा दोष नसतो. शाळेची सहल असेल तर पालकांची संमतीपत्रे, मुलांची यादी आणि मुख्याध्यापकांचे पत्र जवळ हवे. विद्यापीठाच्या आवारात जायचे असेल तर आधी पत्र देऊन परवानगी घ्या. नावे पाठ करायला लावू नका. 'दहा मिनिटांत टिबुकलीने किती बुड्या मारल्या ते मोजा' असे काम द्या, सगळी गप्प बसतात.

१२. राधानगरी-दाजीपूर नंतर

तलावावर एक हिवाळा झाल्याशिवाय जंगलात जायची घाई करू नका. पाण्यावर पक्षी उघडा दिसतो, जंगलात आधी ऐकू येतो. राधानगरी कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटर, दाजीपूर ऐंशीच्या आसपास, फोंडा घाटाच्या रस्त्याला. अभयारण्य १९५८ सालचे, गव्यांसाठी राखलेले, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश झाला. प्रत्येकाचे ओळखपत्र लागते, प्रवेश वनखात्याच्या नाक्यावरून. पावसाळ्यात सफारी बंद असते, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. धनेश, हळद्या आणि आपला राज्यपक्षी हरियल पाहायचे तर फळांनी लदलेल्या वड-उंबराखाली लांबवर उभे राहा. झाडे हिंडून काही मिळत नाही. गवा दिसला तर गाडीतच बसा, हॉर्न वाजवू नका.

१३. जखमी पक्षी सापडला तर

आधी तो खरेच जखमी आहे का ते पाहा. अंगावर पिसे आली आहेत, शेपूट आखूड आहे, जमिनीवर उड्या मारतोय, असे पिल्लू बहुधा उडायला शिकत असते. आई-बाप जवळच असतात. त्याला जवळच्या फांदीवर ठेवा आणि लांब जा. पिल्लाला माणसाचा वास लागला की आई टाकून देते हा गैरसमज आहे.

पंख लोंबकळतोय, रक्त आहे, तंगूस किंवा मांजा गुंडाळला आहे, कुत्र्या-मांजराने धरला होता, तर मदत हवी.

- मागच्या बाजूने जा, पंचा अलगद अंगावर टाका. डोके झाकले की बहुतेक पक्षी शांत होतात.
- दोन्ही पंख अंगाला लावून धरा, छाती दाबू नका. छाती हलली नाही तर पक्ष्याला श्वास घेता येत नाही.
- बगळ्याची चोच सरळ डोळ्यावर येते, चेहरा लांब ठेवा. घारीचे पाय आधी धरा, तिचे हत्यार नखे आहेत.
- मांजा ओढू नका, उलगडू नका. जखमेच्या दोन्ही बाजूंना वीतभर सोडून कात्रीने कापा. शरीरात रुतलेला भाग तसाच राहू द्या. गळ रुतला असेल तरी तेच.
- खोक्याला पेन्सिलीने सात-आठ भोके पाडा, तळाशी कापड घाला, पक्षी ठेवा, झाकण लावा. अंधार आणि शांतता हाच पहिला उपचार.
- दूध नाही, भात नाही, चोच उघडून पाणी तर अजिबात नाही. ते श्वासनळीत जाते आणि जखमेने न मेलेला पक्षी आपल्या हाताने मरतो.
- वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. पक्षी कुठे, कधी, कशा अवस्थेत सापडला ते सांगा.

तासातासाने खोका उघडून बघायचा मोह होतो, शेजारची मुले जमतात. उघडू नका. 'बरा झाला की आपल्याकडेच ठेवू' हा विचारही नको. पोपट असला तरी देशी पक्षी घरात पाळणे कायद्याने गुन्हा आहे.

पक्षी ताब्यात देताना सापडल्याची नेमकी जागा कागदावर लिहून खोक्याला चिकटवा. बरा झाल्यावर त्याला शक्यतो तिथेच सोडायचे असते, आणि फोनवर सांगितलेली जागा दोन हातांतून गेली की विसरली जाते.